पोट लहान झाले, पुढे काय?

आपल्या या जुळ्या शहरांत रस्त्यात कुणी ओळखीचे भेटले, की धारवाडी कन्नडमध्ये पहिला प्रश्न येतो, "ऊटा आतेन्री?" जेवण झाले का? आपल्या मराठी घरांतही पाहुण्याने चपला काढण्याआधीच "आता जेवूनच जायचं" असे बजावले जाते. या विचारण्यात माया असते, आणि त्याचे उत्तर देणे कुणाला जड जात असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करू लागल्यापासून मात्र हा साधा प्रश्न टाळण्यासाठी समारंभ टाळणारी माणसे मी पाहिली आहेत. ती माझेच रुग्ण होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून या लेखातील तपशील थोडे बदलले आहेत. हुबळीतील एका शाळेत शिकवणाऱ्या, चाळिशीतील एका बाईंवर मी जठराच्या बायपासची शस्त्रक्रिया केली. त्या वेळी त्यांचे वजन 118 किलो होते, मधुमेह होता आणि वर्गात सलग दोन तास उभे राहणे गुडघ्यांना झेपत नव्हते. चौदा महिन्यांनी काटा 76 वर आला. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, जिना चढताना लागणारी धाप गेली. डॉक्टरांच्या एका बैठकीत मी त्यांचा आलेख पडद्यावर दाखवला आणि सहकाऱ्यांची शाबासकीही मिळवली. त्यानंतरच्या तपासणीला बाई आल्या नाहीत. फोन केला की "येते, नक्की येते" म्हणत. अखेर एके दिवशी त्यांचे यजमान एकटेच आले.

"डॉक्टर, रिपोर्ट सगळे चांगले आहेत हो," ते म्हणाले, "पण ही आमच्याबरोबर पानावर बसत नाही. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दोन घास खाते. लग्नामुंजीला येत नाही. रात्री उठून बसलेली असते."

मी बाईंना बोलावून घेतले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डॉक्टर, पूर्वी वाईट वाटलं की मी खात होते. कुणाला कळत नव्हतं, मलासुद्धा नाही. आता वाईट वाटतं तेव्हा काय करायचं, तेच मला माहीत नाही."

त्या गेल्यावर मी त्यांची फाइल उघडली. सहा भेटींच्या नोंदी होत्या. वजन, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, बी-12, टाक्यांची जागा, सारे काही नीट लिहिलेले होते. "तुम्ही कशा आहात?" या प्रश्नाचे उत्तर एकाही पानावर नव्हते, कारण तो प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. हा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे.

शस्त्रक्रिया काय करते

डॉक्टर मित्रांना ठाऊक असलेल्या काही गोष्टी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. 1954 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून जोडणी करण्याचा मार्ग मांडला. त्याने वजन उतरत असे, पण यकृताचे व क्षारांचे विकार इतके उद्भवले, की तो पुढे सोडून द्यावा लागला. 1966 मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास केला आणि आजच्या शस्त्रक्रियांची वाट तेथून सुरू झाली. आज दुर्बिणीतून प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया होतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवली जाते. बायपासमध्ये सुमारे 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांत मावेल एवढ्याची, पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. केवळ जागा कमी झाल्याने वजन उतरते असे नव्हे. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक विशेषतः स्लीव्हनंतर घटते, तृप्तीचा निरोप देणारी संप्रेरके वाढतात, आणि मधुमेह अनेकदा वजन उतरण्याच्या आधीच आटोक्यात येऊ लागतो.

एक गैरसमज येथेच दूर करतो. मे 2022 मध्ये बेंगळुरूत एका तरुण कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. त्यानंतर कित्येक महिने माझ्याकडे येणारे नातेवाईक त्याच घटनेविषयी विचारत. ती शस्त्रक्रिया त्वचेखालची चरबी काढून शरीराचा घाट बदलण्याची असते. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया जठर-आतड्यावर होते आणि ती आजारासाठी असते. 2011 मध्ये नितीन गडकरी आणि 2014 मध्ये अरुण जेटली यांनी अशी शस्त्रक्रिया करून घेतल्यावर वृत्तपत्रांतून तिची चर्चा झाली आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गाला ती ठाऊक झाली.

ती कुणावर करावी याचे निकष 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ठरवले. बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 40 च्या वर असावा, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास 35 च्या वर. 2022 मध्ये दोन मोठ्या व्यावसायिक संघटनांनी ही मर्यादा खाली आणली. आपण आशियाई लोक कमी वजनातच मधुमेहाला बळी पडतो, म्हणून आपल्यासाठी 27.5 पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो असे त्यांनी म्हटले. निकष सैल झाले याचा अर्थ यापुढे अधिक माणसे आमच्या टेबलावर येणार. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील प्रौढ स्त्रियांपैकी 24 टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे 23 टक्के वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आहेत. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याचा विचार आता लांबणीवर टाकता येणार नाही.

विशेष हे, की 1991 च्या त्या निवेदनातच शल्यचिकित्सकाबरोबर मानसोपचार आणि आहार यांचे जाणकार असलेल्या चमूने रुग्णाची तपासणी करावी, असे म्हटले होते. आम्ही त्यातले आकडे तेवढे पाठ केले आणि ते वाक्य विसरलो.

आकड्यांची दुसरी बाजू

ऑगस्ट 2007 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले. पहिला स्वीडनचा, 1987 पासून चाललेला. शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण इतर लठ्ठ रुग्णांच्या तुलनेत स्पष्टपणे कमी असल्याचे त्यात दिसले. दुसरा अमेरिकेतील यूटा राज्यातला. त्यात बायपास झालेल्या 7,925 जणांची तेवढ्याच इतरांशी तुलना होती. एकंदर मृत्यू 40 टक्क्यांनी कमी, मधुमेहाने होणारे मृत्यू 92 टक्क्यांनी कमी. हे आकडे आम्ही शल्यचिकित्सक प्रत्येक व्याख्यानात सांगतो आणि ते सांगण्यासारखेच आहेत.

त्याच यूटाच्या अभ्यासात आणखी एक आकडा होता. अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्तच्या कारणांनी होणारे मृत्यू शस्त्रक्रिया झालेल्यांत 58 टक्क्यांनी अधिक होते. हा आकडा मी माझ्या व्याख्यानात अनेक वर्षे घातला नव्हता.

पुढे त्याची उकल करणारे अभ्यास आले. 2016 मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील 8,815 रुग्णांच्या अभ्यासात दिसले, की स्वतःला इजा करून घेतल्याने रुग्णालयात यावे लागण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर दर हजारी वर्षाला 2.33 वरून 3.63 वर गेले. या घटना मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात घडल्या आणि त्यांतील बहुतेक सर्वांना आधीपासून मानसिक आजार होता. 2012 च्या एका अमेरिकी अभ्यासात मद्याच्या विकाराचे प्रमाण दुसऱ्या वर्षी 7.6 वरून 9.6 टक्क्यांवर गेलेले आढळले. 2018 मध्ये स्वीडनच्या नोंदींवरून दिसले, की शस्त्रक्रियेनंतर अविवाहितांचे विवाह जुळण्याचे प्रमाण वाढते, आणि आधीच संसारात असलेल्यांत विभक्त होण्याचेही.

हे वाचून कुणी घाबरू नये. हजारात तीन-चार हे प्रमाण थोडे आहे, आणि ज्याला शस्त्रक्रियेची खरी गरज आहे त्याने ती टाळल्यास मधुमेह व हृदयविकाराचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. मला या आकड्यांतील काळ महत्त्वाचा वाटतो. धोका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आहे. आम्ही मात्र रुग्णाला साधारणतः पहिल्या वर्षाअखेरीस, वजन सर्वांत कमी असताना, हसतमुखाने निरोप देतो.

मनाचे वेळापत्रक

शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचे वेळापत्रक आम्ही छापून देतो. दोन आठवडे पातळ पदार्थ, मग घोटून मऊ केलेले, नंतर मऊ भात-वरण, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न थोडे थोडे. रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिने, आणि बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. मनाचेही असेच एक वेळापत्रक असते. ते कुणी छापत नाही, म्हणून माझ्या अनुभवातून मांडतो.

पहिल्या महिन्यात पश्चात्ताप येतो. घरात फोडणीचा वास सुटलेला असतो, समोर वाटीभर डाळीचे पाणी असते, आणि "हे मी का करून घेतले?" हा प्रश्न रात्री छातीवर बसतो. बहुतेकांना तो येतो आणि बहुतेकांचा तो ओसरतो. पण आधी सांगितले नसेल, तर रुग्णाला वाटते की आपलेच काहीतरी बिघडले आहे.

तिसऱ्या महिन्यापासून उत्साहाचे दिवस. दर आठवड्याला काटा खाली येतो, जुने कपडे वाटून टाकले जातात. नेमके तेव्हाच केस गळू लागतात. झपाट्याने वजन उतरल्याचा तो परिणाम असतो आणि आहार नीट असल्यास काही महिन्यांत केस पुन्हा येतात. परंतु फणीत गुंतलेला पुंजका पाहणाऱ्या स्त्रीला हे वाक्य पुरत नाही. तिने सौंदर्याची आस धरलेली असते आणि आरसा तिला दंड व पोटावरची लोंबती कातडी दाखवतो.

वर्षाच्या आसपास एक विचित्र परकेपणा येतो. शरीर बदललेले असते, मनातली स्वतःची प्रतिमा जुनीच असते. एक तरुण मला म्हणाला, की तो अजूनही चिगरी बसमध्ये दोन माणसांच्या बाकावर बसायला कचरतो, उभ्यानेच धारवाड गाठतो. त्याच्या शेजारी जागा उरते हे डोळ्यांना दिसते, मनाला पटत नाही.

दुसऱ्या वर्षात जुनी दुःखे वर येतात. अन्न हे अनेकांचे औषध असते. अपमान, एकटेपणा, घरातला ताण, सारे काही ते घासाबरोबर गिळत आलेले असतात. आम्ही ते औषध एका सकाळी काढून घेतो आणि त्याच्या जागी काय द्यायचे याचा विचार करत नाही. बाजारपेठेत घाऊक व्यापार करणारे एक गृहस्थ असेच माझ्याकडे होते. रात्रीचे भरपेट जेवण गेले आणि त्या जागी ग्लास आला. बायपासनंतर मद्य रक्तात झपाट्याने चढते, पूर्वीच्या निम्म्यातच झिंग येते. घरच्यांनी "वजन तर उतरलंय" म्हणून दुर्लक्ष केले आणि मी विचारले नाही म्हणून मला कळले नाही.

आणि तिसऱ्या वर्षानंतर काही किलो परत येतात. हे जवळजवळ सर्वांचे होते. स्वीडनच्या त्याच अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरले होते आणि दहा वर्षांनी ते 25 टक्क्यांवर स्थिरावले होते. वैद्यकीय दृष्टीने हे उत्तम यश आहे. रुग्णाच्या दृष्टीने परत आलेला प्रत्येक किलो हा गुन्हा असतो. तो लाजेने आमच्याकडे येणे थांबवतो, आणि आम्ही त्याच्या फाइलवर "तपासणीस आला नाही" असा शेरा मारून मोकळे होतो.

पेढा, पंगत आणि पाहुणे

आता समाजातील वाचकांशी दोन शब्द. शिक्षिका बाईंचे 40 किलो वजन उतरले तेव्हा त्यांच्या दिरांनी आनंदाने लाइन बझारमधून धारवाडी पेढ्यांचा मोठा पुडा आणला आणि "एक तरी तोंडात टाकाच, वहिनी" म्हणून आग्रह केला. बाईंनी भिडेखातर दोन पेढे खाल्ले. अर्ध्या तासात त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडली, पोटात कळ आली. बायपासनंतर साखर वेगाने आतड्यात उतरल्याने असे होते. दिरांच्या प्रेमात काही उणे नव्हते. त्या दिवसापासून बाईंनी चारचौघांत खाणे मात्र सोडले.

आपल्या भाषेकडेच पाहा. कुणाचे वजन उतरले की आपण म्हणतो, "किती खराब झालीस ग!" वजन वाढले की म्हणतो, "तब्येत सुधारली." अंगाने भरलेला माणूस आपल्याला खात्यापित्या घरचा वाटतो. मोठ्या कष्टाने वजन उतरवलेल्या स्त्रीला महिनाभर हेच ऐकावे लागते, की तिचा चेहरा उतरला, तिला काही मोठे दुखणे तर नाही ना. दुसऱ्या बाजूने कुजबुज असते, "मनावर ताबा नाही म्हणून पैसे देऊन पोट कापून घेतलं." ज्या आजारात अनुवंश, संप्रेरके आणि मेंदू यांचा एवढा मोठा वाटा आहे, त्याला आपण अजून आळस समजतो. हृदयाची बायपास करून घेतलेल्या माणसाला कुणी "मनावर ताबा नव्हता" असे म्हणत नाही.

या कुजबुजीच्या भीतीने शस्त्रक्रिया लपवली जाते. लग्नाआधी शस्त्रक्रिया झालेल्या एका मुलीचे वडील मला म्हणाले, "स्थळाकडे सांगायची गरज नाही ना, डॉक्टर?" तो निर्णय त्या मुलीचा आहे, असे मी म्हणालो. पण लपवण्याची किंमत मी त्यांना समजावून सांगितली. शस्त्रक्रियेनंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळावी लागते. वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन गर्भधारणा पूर्वीपेक्षा सहज होऊ शकते. रोजच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. जी मुलगी नवऱ्यापासूनही हे लपवील, ती गोळ्या घेणार कशी आणि सासरच्या पंगतीत "पुरे" म्हणणार कशी? शेवटी मुलीने स्वतःच होणाऱ्या नवऱ्याला सांगितले. त्या घरी आज तिला लहान ताटलीत वाढतात आणि त्यावर कुणी काही बोलत नाही.

समाजाकडून माझी मागणी एवढीच आहे. अशा व्यक्तीला पंगतीतून वगळू नका आणि पंगतीत आग्रहही करू नका. गिरमिटाची बशी तिच्यापुढेही ठेवा, आणि दोन घासांनंतर तिने ती बाजूला सारली तर गप्पा पुढे चालू द्या. तिच्या शरीराविषयी, चांगले असो वा वाईट, न विचारता मत देऊ नका.

आपण काय करावे

माझे काही सहकारी म्हणतात, की आपण शल्यचिकित्सक. मन हे आपले क्षेत्र नाही. शिवाय शस्त्रक्रियेआधी मनाच्या गोष्टी काढल्या की रुग्ण बिचकतो आणि दुसरीकडे जातो. ही अडचण खरी आहे, मीही ती अनुभवली आहे. तरीही माझे मत असे, की ज्याला दोन वर्षांची सोबत देता येत नाही, त्याने ही शस्त्रक्रिया हाती घेऊ नये. पित्ताशय काढल्यावर रुग्ण जुन्या आयुष्यात परत जातो. या शस्त्रक्रियेनंतर जुने आयुष्य उरत नाही.

मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत. पहिला, शस्त्रक्रियेपूर्वी घरातल्या, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या आणि घरचे निर्णय घेणाऱ्या, व्यक्तींना एकदा तरी भेटायचे. दुसरा, प्रत्येक रुग्णाला मानसतज्ज्ञाकडे पाठवायचे. ती परीक्षा नसते. जुने नैराश्य, मद्याची सवय, रात्री चोरून खाणे हे आधी कळले, तर त्यावर आधी उपचार करता येतात. याबाबतीत आपले शहर भाग्यवान आहे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिमहान्स, हुबळीपासून फक्त वीस किलोमीटरवर आहे. "याला धारवाडला पाठवा" ही जुनी चेष्टा मात्र आपण डॉक्टरांनी तरी आता सोडून द्यायला हवी, कारण त्या चेष्टेमुळेच माझे कित्येक रुग्ण ती बस पकडत नाहीत. ज्यांना तेवढेही जमत नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून 14416 ही 'टेली-मानस'ची मोफत दूरध्वनी सेवा आहे.

तिसरा नियम, प्रत्येक भेटीत काट्यावर उभे करण्यापूर्वी चार प्रश्न विचारायचे. झोप कशी आहे? कुणाबरोबर जेवता? घराबाहेर पडता का? दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या आहेत का? याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

फॅमिली डॉक्टर मित्रांना एक विनंती. हे रुग्ण तीन-चार वर्षांनी आमच्याकडे येत नाहीत, तुमच्याकडे येतात. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वारंवार उलट्या होतात म्हणून आला, तर केवळ ॲसिडिटी समजून ग्लुकोजची सलाईन लावू नका. आधी थायमिन द्या, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बायपास झालेल्याला सांधेदुखीच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका, त्यांनी जोडाच्या जागी व्रण होतो. आपल्या शाकाहारी रुग्णांचे बी-12 न विसरता तपासा. थकवा, चिडचिड, विसराळूपणा यांमागे कधी मन असते, कधी बी-12, आणि कधी दोन्ही.

काहीजण विचारतील, की आता इंजेक्शने आली आहेत, मग या चर्चेचे प्रयोजन काय? मार्च 2025 मध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले. ही औषधे प्रभावी आहेत आणि अनेकांची शस्त्रक्रिया त्यांनी टळेलही. परंतु तीही भूकच काढून घेतात, आणि थांबवली की वजन बहुधा परत येते. ज्याचा आधार अन्न होते, त्याच्यापुढे इंजेक्शननंतरही तोच प्रश्न उभा राहणार. तेव्हा हा विषय आता केवळ शल्यचिकित्सकांचा राहिलेला नाही.

मराठीत आपण दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, लेकराला पोटाशी धरतो. एवढे सगळे सामावणाऱ्या त्या पोटातले जठर तेवढे माझ्या हाती येते. उरलेल्याची काळजी घरच्यांनी, फॅमिली डॉक्टरांनी, मानसतज्ज्ञांनी आणि मी मिळून घ्यायची आहे, हे मला एका रुग्णाने शिकवले.

त्या बाईंनी वर्षभर समुपदेशन घेतले, काही महिने औषधेही घेतली. त्यांच्याच सूचनेवरून आम्ही महिन्यातून एकदा अशा रुग्णांची बैठक सुरू केली. एक महिना हुबळीत, एक महिना धारवाडात. तेथे मी बहुतेक वेळ गप्प बसतो. नव्याने शस्त्रक्रिया करू इच्छिणारे येतात, जुने त्यांना केसांचे, कातडीचे, सासरच्या पंगतीचे अनुभव सांगतात. बाईंचे वजन मधल्या काळात सहा किलोंनी वाढले आहे. त्या ते सर्वांसमोर सांगतात, आणि दर वेळी कुणाच्या तरी चेहऱ्यावरचा ताण सैल होताना मला दिसतो.

मागच्या बैठकीनंतर निघताना मी सवयीने त्यांना विचारले, "ऊटा आतेन्री, बाई?" त्या हसून म्हणाल्या, "झालं डॉक्टर. अर्धी भाकरी आणि वाटीभर पिठलं. सगळ्यांबरोबर बसून." त्यांच्या फाइलमध्ये त्या दिवशी मी वजनाच्या आधी हे वाक्य लिहिले.